सोफामामाने शिवलेली छाती

कल्पना करा, तुमच्या पुढ्यात एक माणूस आरामखुर्चीत बसला आहे. शर्टाची वरची बटणं सोडलेली. गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बाटलीच्या बुचाएवढा एक उंचवटा आहे. त्याला पोर्ट म्हणतात. आत एक चपटी धातूची डबी, डबीला रबरासारख्या सिलिकॉनचं झाकण, आणि डबीतून निघालेली बारीक नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली. कॅन्सरचं औषध त्या डबीतून आत सोडायचं आणि ते काम तुमचं आहे.

डबी तुम्हाला दिसत नाही, दिसतो तो नुसता फुगवटा. एका हाताच्या तीन बोटांनी डबीच्या कडा चाचपायच्या आणि तिला धरून ठेवायचं. दुसऱ्या हातातली, काटकोनात वाकवलेली सुई सरळ खाली घालायची. आधी कातडी, मग झाकण, मग तळ. तळाला टेकली की थांबायचं. जरा तिरकी गेली की सुई डबीच्या बाजूला मांसात. आणि हे सगळं होत असताना तो माणूस तुमच्याकडे टक लावून बघतोय.

आता हाच माणूस माझा मामा आहे असं समजा. मग काम आणखी अवघड, कारण दुसऱ्याने धरलेल्या सुईला नावं ठेवण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं आहे.

मामाला आख्खा बाजार सोफामामा म्हणतो. सोफे, खुर्च्या, बसच्या सीटा, न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची, दातांच्या डॉक्टरांची लांबलचक खुर्ची, ज्यावर माणूस बसतो ते सगळं मामा शिवतो. दुकान म्हणजे एक लांब खोली. एका भिंतीला रेग्झिनचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला फोमच्या लाद्या आणि मधे हाडं उघडी पडलेले सोफे. कापड चढवून झालं की मामा बोटाने टिचकी मारतो आणि कान लावतो. सीट ढोलकीसारखी वाजली तर काम पास. नाही वाजली तर सगळ्या पिना उपटून पुन्हा पहिल्यापासून. कुठेही सुरकुती दिसली की त्याचा चेहरा असा होतो, जणू कोणी त्याच्या घराण्यावर बोललं.

"सुरकुती म्हणजे कारागीर झोपला होता," हे त्याचं वाक्य. शहरातल्या सिनेमागृहाच्या खुर्च्या त्यानेच शिवल्या आहेत. मामी सांगते की लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा हा माणूस पडद्याकडे एकदाही बघेना, पुढच्या रांगेच्या पाठीच बघत बसला. "नायक मेला तेव्हा मी रडत होते, आणि हे म्हणाले, बघ, शिलाई कशी सरळ आहे."

आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा मामा घाबरला नाही असं मी म्हणणार नाही. पण केमोच्या वॉर्डात पहिल्या दिवशी आरामखुर्चीत बसल्यावर त्याने आधी खुर्चीच्या हाताखाली बोट घालून बघितलं आणि विचारलं, "हे कोणी शिवलं?" मी त्याच इस्पितळात यंत्रं सांभाळते. सलाइनचे पंप, मॉनिटर, असलं सगळं. त्यामुळे वॉर्डातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, तू औषध घ्यायला आलायस."

"मग औषध घेताना डोळे मिटून बसू का?"

तिसऱ्या केमोपर्यंत त्याच्या दोन्ही हातांच्या शिरा दोरीसारख्या कडक होऊन बसल्या. सुई घालायला जागाच मिळेना. मग डॉक्टरांनी पोर्टचं सांगितलं. समजून घेतल्यावर मामा म्हणाला, "म्हणजे छातीत एक खिसा शिवणार, खिशात डबी ठेवणार आणि डबी सरकू नये म्हणून आतून दोन टाके मारणार."

सर्जन हसले. "अगदी असंच."

"मला बघता येईल?"

"जागे असाल, पण मधे पडदा असतो."

"पडदा कशाला? मी काय गिऱ्हाईक आहे?"

जखम भरल्यावर मामाने आरशात टाका तपासला. "बरा आहे. जरा मोठा घेतलाय, पण ओळ सरळ," असा निकाल दिला. सर्जनना मी तो कळवला. त्यांनी तो दोन-चार जणांना आनंदाने सांगितला.

आमच्या वॉर्डात पोर्टला सुई घालायचं काम एकट्या मोठ्या सिस्टर करायच्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांची बोटं छातीवर टेकली की माणूस आपोआप श्वास सोडायचा. मामाचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं, कारण त्यांनी सुई घातली आणि मामाला कळलंच नाही. "हात आहे बाईंना," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून मी हे आजवर फार तर दोघांबद्दल ऐकलं असेल, आणि त्यातला एक तो स्वतः.

पण मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या. महिना उरला होता. त्यांच्यामागे काम धाकट्या सिस्टरकडे जायचं होतं. ती नुकतीच रुजू झालेली, हुशार मुलगी. हातावरच्या शिरेत सुई घालण्यात तिचा कोणी हात धरला नसता, पण पोर्टपुढे ती गोठायची. आणि वॉर्डाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की मोठ्या सिस्टर जायच्या आत कोणी तयार झालं नाही, तर पोर्टवाले पेशंट दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवावे लागतील. तिकडे जायला गाडीने अर्धा दिवस. केमोनंतर मामाला आमच्या गल्लीच्या वळणापर्यंतसुद्धा गाडी सोसत नव्हती. घरी येईपर्यंत मामी पिशवी धरून बसायची. अर्धा दिवस जायचं आणि तसंच परत यायचं म्हणजे त्याने उरलेली केमो मधेच सोडली असती. त्याने तसं मामीला सांगूनही टाकलं होतं.

धाकट्या सिस्टरने पहिला प्रयत्न मामावरच केला. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. मुलीने सगळं नीट केलं, जंतुनाशक लावलं, वाळू दिलं, कडा धरल्या. पण सुई घालताना डबी बोटांखालून निसटली आणि सुई बाजूला गेली. मामाने अशी एक शिवी हासडली की पलीकडच्या खुर्चीतले आजोबा झोपेतून जागे झाले.

रक्त ओढून बघितलं तर येईना, म्हणजे सुई डबीत नव्हती. तिने लगेच सुई काढली. औषध अजून जोडलेलं नव्हतं, त्यामुळे कळ सोडून काही बिघडलं नाही. मोठ्या सिस्टरनी दुसरी सुई घेऊन काम पुरं केलं. धाकटी औषधांच्या खोलीत जाऊन रडली.

मामाला ते कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तिला बोलावून घेतलं.

"पोरी, शिवी तुला नव्हती. कळेला होती."

"मला माहिताय, मामा."

"तुम्हाला शिकायला जिवंत माणूसच लागतो का गं?"

"दुसरं कुठे शिकणार? सरावाचं मॉडेल मागवलंय, पण अजून आलं नाही."

"आम्ही नवीन माणसाला गिऱ्हाइकाचा सोफा देत नाही. आधी चिंध्या देतो. चिंध्या फाडून झाल्या की जुनी उशी. तुम्ही थेट सोफ्यालाच हात घालता?"

"मग तुम्हीच द्या ना चिंध्या," ती डोळे पुसत म्हणाली. तिने चिडून म्हटलं होतं. मामाने ते ऑर्डर म्हणून घेतलं.

तीन दिवसांनी मी परवानगी काढून स्टोअरमधला एक मुदत संपलेला, कधीच न वापरलेला पोर्ट घेऊन दुकानात गेले. मामाने तो हातात फिरवला, झाकण अंगठ्याने दाबलं, खालची भोकं बघितली. "टाके इथून जातात. चांगला माल आहे," तो म्हणाला आणि कामाला बसला. केमोनंतरचा तिसरा-चौथा दिवस होता. तोंडात फोड आले होते, म्हणून खिळे नेहमीसारखे ओठात धरता येईनात. मामीने एक वाटी आणून पुढे ठेवली.

"घरातल्या सोफ्यातून स्प्रिंग वर आलीय, कित्येक वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "पाहुणे आले की मी तिच्यावर बसते, त्यांना दिसू नये म्हणून. त्याला हात नाही लागला. आणि दवाखान्याची छाती एका दिवसात."

"सोफ्याला केमो नाही घ्यायची."

"मला घ्यावी लागेल त्या स्प्रिंगमुळे."

छाती खरोखर देखणी झाली. फळीवर कडक फोम, त्यावर मऊ फोम, हाडाच्या जागी गोल लाकडी दांडी. मऊ फोममध्ये खाच करून पोर्ट बसवलेला आणि वर सगळ्यात मऊ, कातडीच्या रंगाचं रेग्झिन. कडेने आत दोरी घालून शिवलेलं बारीक पायपिंगसुद्धा. मी म्हटलं, "मामा, छातीला पायपिंग नसतं." तो म्हणाला, "नसतं म्हणून काय घालायचं नाही?" आणि टिचकी मारली. वाजली.

वॉर्डात ती छाती बघायला गर्दी झाली. खालच्या मजल्यावरच्या सिस्टरसुद्धा आल्या. धाकटी रोज जेवणाच्या सुट्टीत बसायची. एकदा, दोनदा, दहादा. सुई सरळ खाली, तळाला टक. चुकेचना. बाकीच्याही शिकल्या. मोठ्या सिस्टर हात मागे बांधून लांबूनच बघायच्या. मामा पुढच्या केमोला आला तो नवा शर्ट घालून, आणि खुर्चीत असा बसला जणू आपल्याच दुकानाचं उद्घाटन आहे.

धाकटीने हातमोजे घातले. कडा धरल्या. सुई खाली घातली.

पुन्हा बाजूला.

या वेळी मामाने शिवी दिली नाही. ते शिवीपेक्षा वाईट होतं. धाकटीने सुई काढली, कापूस दाबून धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मला नाही जमणार, मामा. तुमच्या छातीवर जमतं. म्हणजे त्या छातीवर. या छातीवर नाही."

मोठ्या सिस्टरनी काम पुरं केलं. घरी येताना मामा गाडीत सारखा छातीवरच्या उंचवट्याला बोट लावत होता. मला वाटलं मळमळतंय. मामीने पिशवी पुढे केली, ती त्याने बाजूला सारली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी दुकानामागच्या त्यांच्या खोलीत गेले तर तो आरशासमोर उघडा उभा होता. एक हात स्वतःच्या पोर्टवर, दुसरा टेबलावरच्या छातीवर. ती आम्ही दुरुस्तीला म्हणून परत आणली होती.

"इकडे ये, इंजिनियरीणबाई. हात लाव."

मी त्याच्या पोर्टला हात लावला. तो आजारात निम्मा झाला होता. कातडी सैल पडली होती. बोटाने ढकललं की डबी जराशी कलायची, कातडी तिच्यावरून सरकायची.

"आता हिला लाव."

मी मॉडेलला हात लावला. काहीच हललं नाही. पोर्ट भिंतीत बसवल्यासारखा घट्ट.

"कळलं?" तो खाटेवर बसला. "मी सोफा शिवला. माणसाचं अंग ताणलेलं नसतं गं. माझं तर आता जुन्या गोधडीसारखं झालंय. त्या पोरीने सोफ्यात सुई घालायला शिकून घेतली आणि खऱ्या माणसावर आली. चूक तिची नाहीच."

"मग सैल कर."

मला वाटलं होतं हे सोपं आहे. मामाने पिना उपटल्या, रेग्झिन सैल टाकलं, पहिली पिन मारली. दुसरी मारताना त्याच्या अंगठ्याने कापड आपोआप ओढलं. तिसरीला अजून. शेवटच्या पिनेला छाती पुन्हा ढोलकी. त्याने पुन्हा उपटलं. पुन्हा तेच. डोळे मिटून करून बघितलं, तर आणखी घट्ट झालं. "हात ऐकत नाहीत," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मला तो म्हातारा दिसला. "सगळा जन्म सुरकुती घालवण्यात गेला. पाडायची कशी, ते कोणी शिकवलंच नाही."

मामी दारात उभी होती. मामाने वर बघितलं.

"अगं, तू कर."

"मी? मला कुठे येतं?"

"म्हणूनच. तुझ्या हातून वाईट होईल."

"वा! इतक्या वर्षांनी दुकानात घेतलं, ते यासाठी!"

पण तिने पिनांचं मशीन उचललं. मामाने स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले. मामीने रेग्झिन टाकलं, इकडे एक पिन, तिकडे एक पिन. मधे पोक आला, कडेला घड्या पडल्या. मामा बघवत नसल्यासारखा तोंड वेडंवाकडं करत होता.

"अगं, तिथे तरी जरा..."

"गप्प बसा. हात खाली."

"नाही, पण ती घडी..."

"घडी राहणार! तुमच्या मानेखाली आहे तशीच घडी आहे ती. मी रोज बघते."

मामाने मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं. मामीने काम अर्ध्यावर थांबवून त्याच्याजवळ येऊन त्याची छाती चाचपली, बोटाने डबी कलवून बघितली, आणि परत जाऊन पोर्टच्या खालचे टाके स्वतः सोडवले. मामाने घट्ट मारले होते ते तिने सैल मारले, डबी श्वासाबरोबर हलावी इतके. मग वरचं रेग्झिन आणखी पातळ घेतलं. टिचकी मारली तर फस्स असा आवाज आला.

"झालं तुमच्यासारखं," ती म्हणाली.

त्या आठवड्यात मी तसलेच आणखी दोन पोर्ट आणून दिले आणि तिने आणखी दोन छात्या शिवल्या. एक जाड माणसाची, जिच्यात पोर्ट इतका खोल होता की तो शोधायला बोटं दाबावी लागायची. दुसरी नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसाची, वरून सुजल्यासारखी फुगलेली. मामा फळ्या कापून द्यायचा, फोम निवडायचा, आणि शिलाईच्या वेळी दुकानाबाहेर जाऊन उभा राहायचा. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "मामा, बाहेर का?" तर म्हणाला, "आत मालकीण काम करतेय. मला सोसत नाही."

नव्या छातीवर धाकटी पहिल्या दिवशी सारखी चुकत राहिली. मोठ्या सिस्टरना ते बघून बरं वाटलं असावं, कारण त्या पहिल्यांदाच पुढे आल्या आणि तिची बोटं हातात घेऊन बसवली. "वरून दाबू नकोस. कडेने धर. ती पळणारच, तिला पळायला जागा ठेवू नकोस." आधीच्या मॉडेलवर हे शिकवताच येत नव्हतं, कारण डबी पळतच नव्हती. दुसऱ्या दिवशी चुका कमी झाल्या. आठवडा संपता संपता ती तिन्ही छात्यांवर गप्पा मारत सुई घालायला लागली.

मोठ्या सिस्टरचा शेवटचा आठवडा आणि मामाची केमो एकत्र आली. मामी सोबत होती. ती खुर्चीच्या मागे उभी राहिली, मामाला दिसणार नाही अशी. मोठ्या सिस्टरनी या वेळी दुसरी सुई काढून ठेवलीच नाही. मला ते दिसलं, धाकटीलाही दिसलं.

तिने मामाला मान पलीकडे वळवायला सांगितलं. तीन बोटं कडांना लावली. डबी कलली. तिने बोटं जरा सरकवली, पुन्हा धरली. "मोठा श्वास घ्या, मामा."

"घेतला."

सुई खाली गेली. ती थांबली. मग सिरिंज ओढली, आणि नळीत लाल रेघ वर आली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वॉर्डात ते बरं दिसत नाही. मोठ्या सिस्टर फक्त "पट्टी नीट लाव" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या, म्हणजे इथे आता त्यांची गरज नाही. धाकटीचे कान लाल झाले होते. मामाने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"हात आहे तुला," तो म्हणाला.

मग मागे न बघताच: "ऐकलंस का गं? पोरीची सुई बरोबर बसली. तुझ्या घडीमुळे."

"मला माहिताय," मामी म्हणाली. तिने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "मीच पाडली होती ती."

मामाची केमो त्याच वॉर्डात, त्याच खुर्चीत पूर्ण झाली. आता त्या छात्या इतर इस्पितळांतूनही मागायला येतात. विचारणारे मामाकडे वळतात, कारण दुकानावर पाटी त्याची आहे. मामा त्यांना दुकानामागच्या खोलीकडे बोट दाखवतो आणि छाती फुगवून सांगतो, "ताणलेलं हवं असेल तर मी. खरं हवं असेल तर त्या."

पोर्ट अजून त्याच्या छातीत आहे. मधूनमधून तो धुवून घ्यायला येतो तेव्हा सुई धाकटीच घालते. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जात नाही. मॉडेलमध्ये सुई तळाला टेकते तेव्हा बोटाला काय कळतं, ते त्याने स्वतः शेकडो वेळा घालून बघितलं आहे. माणसाच्या छातीत काय कळतं, हे तो बघू शकत नाही, कारण त्याच्या हाताशी असलेली एकच छाती त्याची स्वतःची आहे आणि तिच्यात त्याला कोणी सुई घालू देत नाही. आरशात बघून एकदाच घालतो, असं त्याने दोनदा विचारून बघितलं. धाकटीने हाकलून दिलं. एक सिस्टर सांगते तळ कडक लागतो, दुसरी सांगते वाळूसारखा, तिसरी म्हणते काही लागत नाही, फक्त सुई पुढे जायची थांबते. मामाचं समाधान होत नाही. परवाही धाकटीने सुई घातली, लाल रेघ आली, आणि ती पट्टी लावत असताना त्याने पुन्हा विचारलंच:

"खरं सांग पोरी, आत्ता तळाला टेकली तेव्हा तुझ्या बोटाला जे लागलं, ते आमच्या फळीवरच्या छातीत लागतं तसंच होतं का?"